मीठ टाकून समुद्र होत नाही

आमच्या बैठकीच्या खोलीत तीन फुटी फिश टँक आहे. पाणी मावतं साधारण १०० लिटर. सहा वर्षं त्यात मॉली आणि एंजल सुखाने नांदत होते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नात राहायला आली. वय वर्षं नऊ. 'फाइंडिंग निमो' हा २००३ सालचा चित्रपट तिला जवळजवळ पाठ. "आजोबा, आपण निमो आणू या ना!" निमो म्हणजे क्लाउनफिश, केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला खाऱ्या पाण्यातला मासा. मी म्हटलं, त्यात काय? पाणी बदलू, मीठ घालू! स्वयंपाकघरातून आमची सौ. म्हणाली, "मीठ टाकलं की समुद्र होतो होय?" तिचं बोलणं मी हसण्यावारी नेलं. तिथेच चुकलं.

मिठाचा हिशेब खरं तर सोपा आहे. लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरला साडेतीन किलो. पण हे बरणीतलं मीठ नव्हे. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं पुष्कळ काही असतं. त्याचं तयार मिश्रण मिळतं. क्लोरीन काढलेल्या पाण्यात ते आधी वेगळं विरघळवायचं आणि हायड्रोमीटरने विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आलं की मगच वापरायचं. चौपाटीवरून कॅन भरून आणण्याचा मोह टाळावा, कारण त्या पाण्याबरोबर शहराचं सांडपाणीही घरात येतं. आणखी एक गंमत अशी, की टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून रोजची भर घालायची ती गोड्या पाण्याची!

जुने मासे मी आधीच शेजाऱ्यांच्या टाकीत पाठवले होते, ते बरं झालं. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरचं पाणी सतत शिरत असतं आणि तो ते लघवीवाटे टाकत राहतो. समुद्रातल्या माशाचं नेमकं उलट. त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून पाण्यात राहूनही तो तहानलेला. तो समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. मॉलीला हळूहळू सवय लावली तर खारं पाणी मानवतं. बहुतेकांना मानवत नाही.

एवढं वाचून मी स्वतःला जाणकार समजू लागलो. आठव्या दिवशी पाणी काचेसारखं स्वच्छ दिसलं. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा काका, काही होत नाही." क्लाउनफिशची जोडी घरी आली. चौथ्या दिवशी एक गेला, सहाव्या दिवशी दुसरा.

त्यांना मारलं ते डोळ्यांना न दिसणाऱ्या अमोनियाने. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं बरंच सौम्य नायट्रेट करतात. या जिवाणूंची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. गोड्या पाण्यात पोसलेले जिवाणू एकदम खाऱ्या पाण्यात तग धरत नाहीत, त्यामुळे सहा वर्षांच्या टाकीलाही पुन्हा पहिल्यापासूनच सुरुवात करावी लागते. बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. खात्यात शिल्लक नसताना मी चेक फाडला होता.

नातीने दोन्ही मासे कुंडीत पुरले आणि विचारलं, "आजोबा, ते समुद्रातच राहिले असते तर?"

त्या प्रश्नाने मला पुढचं वाचायला लावलं. दुकानात दिसणारे गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक शेततळ्यांत, टाक्यांत पैदास केलेले असतात. समुद्री माशांचं तसं नाही. त्यांतले बहुसंख्य थेट प्रवाळांच्या रांगांतून पकडून आणलेले असतात. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून सायनाइड फवारून, मासे गुंगवून धरण्याची रीत पडली. त्यात मासे तर मरतातच, प्रवाळही मरतात. त्या चित्रपटातला निमोसुद्धा समुद्रातून पळवून एका दंतवैद्याच्या टाकीत टाकलेला असतो. आणि तो पाहून आपण मुलांसाठी निमो विकत आणतो! सजावटीच्या प्रवाळांचंही तेच. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ साली प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वरच्या दर्जाचं संरक्षण मिळालं. मालवणच्या समुद्रातले प्रवाळ कुणी टाकीसाठी देऊ केले, तर तो सौदा गुन्ह्याचा आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की नवशिक्याने गोड्या पाण्याची टाकी खारी करण्याच्या फंदात शक्यतो पडू नये. गप्पीचं एक जोडपंही मुलाला जन्म, भूक आणि मरण हे सारं दाखवतं. पडायचंच असेल, तर दोन अटी पाळाव्यात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत एकही मासा आणू नये. आणि मासा घ्यायचा तो पैदास केंद्रात जन्मलेलाच. क्लाउनफिशची पैदास आता आपल्या देशातही होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र बसवलेलं आहे. दुकानदाराला मासा कुठून आला हे विचारावं, आणि उत्तर मिळालं नाही तर रिकाम्या हाताने परतावं.

आमची टाकी त्यानंतर सात आठवडे माशांविना चालू होती. आलागेला विचारायचा, "मासे कुठे आहेत?" फोनवरून नात विचारायची, "आजोबा, आज आकडा किती?" मी तपासणीच्या नळीतला रंग तक्त्याशी ताडून सांगायचो आणि ती वहीत लिहायची. शून्य आला त्या दिवशी तिने लगेच मासे मागितले नाहीत. म्हणाली, "अजून एक आठवडा थांबू या का?"