लोखंडी चाक आणि शाळेचे दार

ट्रॅक्टर चालेल, पण त्याला रबरी टायर चालणार नाहीत! मेक्सिकोतील जुन्या वळणाच्या मेनोनाइट लोकांचा हा नियम वाचला तेव्हा प्रथम मला हसू आले. कारण कळले आणि हसू मावळले. लोखंडी चाकाचा ट्रॅक्टर शेतात राबतो, सडकेने शहरात जात नाही. रबरी चाक आले की पोरे शहराकडे धावतील, ही वडीलधाऱ्यांची भीती!

शस्त्र हाती न धरणारे हे ख्रिस्ती शेतकरी. १८७४ पासून ते रशियातून कॅनडात आले. १९१६ साली मॅनिटोबा प्रांताने शाळेत इंग्रजी सक्तीची केली, तेव्हा जुन्या मताच्या हजारो लोकांनी १९२२ पासून मेक्सिकोची वाट धरली. तेथेही पुढच्या पिढीने टायर व वीज घेतली. ज्यांना ते रुचले नाही, त्यांतले कित्येक १९६७ नंतर बोलिव्हियाला गेले. आज मेक्सिकोतील त्यांच्या अनेक वसाहतींत मोटारी व मोबाइल आहेत, तर बोलिव्हियात पुष्कळ ठिकाणी अजून घोडागाडीच आहे.

यंत्र घरात घेण्यापूर्वी 'याने आपल्या माणसांचे काय होईल?' असा विचार सारा गाव करतो, हे मला फार मोलाचे वाटते. आपण तो कधी करतो?

पण शाळेचे काय? त्यांच्या जुन्या शाळांत बाराव्या-तेराव्या वर्षी शिक्षण संपते, तेही बहुतेक प्रश्नोत्तरी, बायबल आणि हिशेबापुरते. मुलींचे तर मुलांच्याही आधी. इथे मात्र माझे मन बंड करते. टायर नाकारणे वेगळे आणि मुलीच्या मनातला प्रश्न नाकारणे वेगळे. टायर न घेता माणूस जगतो. प्रश्न दाबला की तो आतून कुजतो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. निघताना वडील एवढेच म्हणाले, "शीक, पण परकी होऊ नकोस." त्यांच्या आणि त्या वडीलधाऱ्यांच्या भीतीत मला फारसा फरक दिसत नाही. फरक इतकाच, की माझ्या वडिलांनी भीती मनात ठेवूनही दार उघडले.

गाव उचलून दुसऱ्या देशी नेला, तरी पुढची पिढी सोबत येतेच, आणि तिचे प्रश्नही! मग दार उघडे ठेवलेले काय वाईट? गेलेली मुले परतायलाही तेच दार लागते.