वर्गात चोरी नको, मुक्त आज्ञावली हवी

उरणजवळच्या द्रोणागिरीचे नाव घेतले की मारुतीरायाची कथा आठवते. संजीवनी ओळखता येईना, तेव्हा त्याने अख्खा पर्वतच उचलून आणला. त्या पर्वताचा एक तुकडा येथे पडला, अशी या परिसराची श्रद्धा आहे. त्याच डोंगराच्या पायथ्याशी सिडकोची वसाहत वाढते आहे. जानेवारी २०२४मध्ये रेल्वेही आली. भूमिपुत्रांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या या नगरीत त्यांची मुले संगणक शिकणार, ती कोणत्या आज्ञावलीवर आणि कोणत्या संस्काराने?

प्रात्यक्षिकासाठी महागड्या आज्ञावलीची चोरटी प्रत वापरायची आणि ‘शिक्षणासाठीच तर आहे’ असे म्हणायचे, हा आपल्याकडचा जुना परिपाठ. प्रताधिकार कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने आलेले कलम मात्र स्पष्ट आहे. चोरटी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हाच गुन्हा. त्याला किमान सात दिवसांचा कारावास आणि पन्नास हजार रुपये दंड. धंद्याचा हेतू नसेल तर न्यायालय कारावास टाळू शकते. गुन्हा पुसला जात नाही. फळ्यावर ‘सत्यमेव जयते’ लिहायचे आणि शेजारच्या पडद्यावर चोरीचा माल दाखवायचा, यातून विद्यार्थी नेमके काय शिकणार?

काहीजण या चोरीला स्वदेशीचा मुलामा देतात. परदेशी कंपन्यांना पैसे का द्यावेत, असा त्यांचा सवाल. त्यांनी जवळच्या चिरनेरकडे पाहावे. २५ सप्टेंबर १९३० रोजी तेथील सत्याग्रहींनी जुलमी जंगल कायदा दिवसाढवळ्या मोडला आणि गोळ्या झेलल्या. लपूनछपून प्रती काढणाऱ्यांनी त्या परंपरेचे नाव घेऊ नये. शिवाय चोरट्या प्रतीवर बसलेला हात पुढे त्याच कंपनीचा गिऱ्हाईक होतो. हा कसला बहिष्कार?

खरा बहिष्कार कायदेशीर आहे आणि सोपाही. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून मुक्त आज्ञावलीची चळवळ उभी राहिली. वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे, असे चारही अधिकार ती देते. लिनक्स, लिब्रेऑफिस, आकाशदर्शन घडवणारे स्टेलॅरियम ही तिची फळे. शिक्षकाने ती पडद्यावर दाखवावीत, शंभर संगणकांवर बसवावीत, मुलांना घरी द्यावीत. कोणाची परवानगी लागत नाही. वाटताना परवान्याच्या अटी पाळल्या म्हणजे झाले. मूळ संहिता उघडी असल्याने येथे एखादी मुळी नव्हे, सगळा पर्वतच हाती येतो. निर्माते परदेशी असले तरी बदलण्याचा हक्क मिळाला की वस्तू आपली होते.

मात्र फुकट म्हणजे मुक्त नव्हे. भूमितीसाठी लोकप्रिय असलेले जिओजेब्रा अव्यापारी वापरासाठी विनामूल्य आहे, व्यापारी वापराला वेगळी परवानगी लागते. शुल्क घेणाऱ्या शिकवणीवर्गांनी परवाना आधी वाचावा.

परावलंबनाची किंमतही ओळखावी. जुलै २०२५मध्ये युरोपीय निर्बंधांमुळे मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा रोखल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली, तेव्हा कुठे त्या पूर्ववत झाल्या. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चे नियमित साहाय्य थांबले. चालू संगणक केवळ त्यासाठी भंगारात काढण्यापेक्षा त्यांवर लिनक्स बसवणे शहाणपणाचे नाही काय?

‘नोकरीत हे चालत नाही’ ही सबबही लंगडी आहे. तक्त्यातली बेरीज समजलेला विद्यार्थी कोणत्याही आज्ञावलीत बेरीज करतो. केरळच्या सरकारी शाळांनी हा मार्ग कधीच धरला. आपल्या पवईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातून मराठीत धडे उपलब्ध करून दिले आहेत. साधने आहेत, भाषा आपली आहे, कायदा पाठीशी आहे. उणीव आहे ती संकल्पाची. संस्थाचालकांनी, पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी आपापल्या शाळेतील एका संगणकापासून आरंभ करावा. मारुतीरायाने पर्वत आणून ठेवला आहे. संजीवनी वेचण्याचे कष्ट तरी आपण घ्यायलाच हवेत!