राग माणूस बघून येतो

निवृत्त मास्तरांची बैठक जमली की एक वाक्य हटकून निघतं. "आता पोरांना हातच लावता येत नाही, म्हणून शाळा बिघडल्या." लगेच दुसरा री ओढतो, "आम्ही मार खाल्ला म्हणून तर घडलो." असं म्हणणाऱ्याची नातवंडं पुण्यातल्या अशा शाळेत असतात, जिथं बाईंनी नुसते डोळे वटारले तरी दुसऱ्या दिवशी आईबाप मुख्याध्यापकांच्या दारात उभे. म्हणजे मार चांगला, फक्त तो दुसऱ्याच्या लेकराला पडावा.

मी हे बाहेरून बोलत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी हयात गेली आणि मीही पोरांना मारलं. चांगलं मारलं. त्याचा अभिमानही बाळगला.

1997 सालची गोष्ट. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरातलं गाव. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, दोन मास्तर. दिवाळीच्या सुमाराला निम्मं गाव कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागायचं. काही लेकरं आईबापासोबत जायची, काही आजीजवळ मागं राहायची. शाळेच्या शिस्तीचं खातं माझ्याकडं होतं. मी अकरा नियम भिंतीवर रंगवून घेतले होते. पहिला नियम, प्रार्थनेआधी हजर. त्याच भिंतीवर साने गुरुजींचा फोटो आणि खाली टेबलावर निरगुडीचा फोक. या दोहोंचं एकमेकांशी जमत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

एके दिवशी तिसरीतली दोन पोरं प्रार्थना संपल्यावर आली. एक ऊसतोड्याचं, आजीजवळ राहणारं. दुसरा सरपंचांचा नातू. कारण काही काळजाला हात घालणारं नव्हतं. गावाबाहेर सरपंचांच्या विहिरीचं खोदकाम चाललं होतं. क्रेननं दगडाची पाटी वर कशी येते, ते बघत दोघं उभी राहिली होती. मी पहिल्याच्या थोबाडीत दिली. अशी दिली की तो दाराला जाऊन धडकला. मग नातवाकडं वळलो आणि माझ्या तोंडून निघालं, "बस जा जागेवर. उशीर करत जाऊ नको."

दोघांचा गुन्हा एक, वेळ एक, विहीर एक.

पहिला पोरगा दुसऱ्या दिवशी आला नाही. आठवडा गेला. मी वस्तीवर गेलो. म्हातारी चुलीपुढून उठली, मला पोतं अंथरून दिलं आणि हात जोडले. "गुर्जी, चुकलं लेकराचं. आनखी दोन द्या, पर शाळंतून नाव काढू नका." मी शब्द जुळवत गेलो होतो, ते तोंडातच राहिले. मारलं मी आणि माफी ती मागत होती. तिला माझ्यावर रागावण्याची सोयच नव्हती. तेव्हा लख्ख कळलं, की राग ही ज्याला परवडते त्याची चैन आहे.

लोक म्हणतात, राग अनावर होतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. साफ खोटं. माझ्या रागाला अंधारातही सरपंचांचा नातू बरोबर ओळखू आला. तपासणीला विस्तार अधिकारी आले आणि सगळ्यांदेखत मला घालूनपाडून बोलले, तेव्हा मला काय राग आला नव्हता? आला होता. पण हात मागं बांधून "हो साहेब" म्हणत उभा राहिलो. म्हणजे राग आवरता येत होता. वरच्यापुढं आवरायचा आणि खालच्यावर सोडायचा, एवढंच मी शिकलो होतो. वड्याचं तेल वांग्यावर, याला आपण शिस्त हे नाव दिलं.

मग मी एक वही घातली. कुणाला सांगितलं नाही. ज्याला मारलं त्याचं नाव, वेळ, कारण, आणि त्याआधी मला काय झालं होतं, एवढं रोज लिहायचं. महिन्यात तेवीस नोंदी झाल्या. एकोणीस मजुरांची आणि ऊसतोड्यांची पोरं. सरपंच, पोलीस पाटील, दुकानदार यांच्या घरचं एकही नाव नाही. निम्म्याहून जास्त मार दुपारनंतरचा. तालुक्याहून "माहिती आजच्या आज पाठवा" असा निरोप आला की त्या दिवशी हमखास दोन-तीन नावं. वही वाचताना दिसलं, की पोरांनी नियम कधी मोडले हे त्यात नव्हतंच. माझं कधी बिनसलं, एवढंच होतं.

यावर कुणी म्हणेल, मग काय नियमच नकोत? असं मी कुठं म्हणतो? नियम पाहिजेतच. विहीर बघत उभं राहणं चूकच होतं. पोर गरीब होतं म्हणून मारणं वाईट, असंही नाही. ते उंडगं असतं तरी वाईटच. माझं म्हणणं एवढंच, की राग आणि नियम या दोन गोष्टी एका दावणीला बांधू नका. नियम सगळ्यांना सारखा असतो. राग माणूस बघून येतो.

मी अकराचे चार नियम केले. उशिरा येणाऱ्यानं वहीत स्वतः वेळ लिहायची आणि शाळा सुटल्यावर तेवढी मिनिटं थांबून बुडालेला अभ्यास करायचा. सरपंचांचा नातूही थांबला. घरून निरोप आला, तरी थांबला. माझी एसटी चुकली त्या दिवशी मीही त्याच वहीत वेळ लिहिली आणि थांबलो. पोरं आधी हसली, मग कुणी हसेना. अंगात तिडीक उठली, की मी घागरीकडं जाऊन तांब्याभर पाणी प्यायचो आणि त्या पोराचा निकाल सुट्टीनंतर करायचो. सुट्टीनंतर निम्म्या गुन्ह्यांत काही दम उरायचा नाही.

1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षेला बंदी घातली आणि मानसिक छळालाही. आमच्यातल्या पुष्कळांनी पहिलं अर्धंच वाचलं. फोक टाकला आणि जीभ उचलली. "कोयताच धरणार तू शेवटी," हे वर्गात सगळ्यांदेखत म्हणणं फोकापेक्षा खोल जातं आणि त्याचा वळही दिसत नाही.

मास्तरांचे हाल मला माहीत आहेत. दोघांनी चार वर्ग ओढायचे, वर खिचडीचा हिशेब, जनगणना, निवडणूक. हे भांडण खरं आहे. पण ते पंचायत समितीत जाऊन भांडा, मोर्चा काढा, मी पुढं चालतो. आठ वर्षांच्या गालावर ते भांडू नका.

आणि "मार खाल्ला म्हणून घडलो" म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. तुमच्या बाकावर शेजारी बसणारा, तुमच्याइतकाच मार खाऊन शाळा सोडून गेलेला, तो कुठं आहे? तो या बैठकीला नसतो.

तो पोरगा शाळेत परत आला. पण चौथी पास होऊन जाईपर्यंत त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही. पाढे म्हणायचा, विचारलं तेवढं सांगायचा, वेळेआधी यायचा. नियम म्हणून एकही मोडला नाही. बैठकीत ज्याला शिस्त म्हणतात ना, ती हीच.