‘पारंपरिक’ नावाचा कवी कधी जन्मलाच नाही

परवाच्या चौदा एप्रिलची गोष्ट. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रक उभा. ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर. गाणं वाजतंय वामनदादांचं, पोरं बेभान नाचताहेत. मी बाजूच्या पोराला विचारलं, “हे गाणं कुणी लिहिलंय रे?” त्यानं मोबाईल काढला, शोधलं आणि स्क्रीन माझ्या नाकासमोर धरली. गाण्याचं नाव होतं. गायकाचं नाव होतं. कंपनीचं नाव तर ठळक होतं. गीतकाराच्या जागी एकच शब्द : पारंपरिक.

टाळकं सणकलं. पण रागवायचं कुणावर? पोरावर? त्याला कुणी सांगितलंच नाही. कंपनीवर? तिचा तर धंदाच तो. मग मला माझाच राग आला. कारण ती ओळ पुसणाऱ्या हातांत आपलेही हात आहेत, दोस्तांनो.

वामन तबाजी कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, गाव देशवंडी, तालुका सिन्नर. म्हणजे देश स्वतंत्र झाला त्या दिवशी हा माणूस बरोबर पंचवीस वर्षांचा झाला. दिल्लीत झेंडा वर चढत होता आणि गावोगावच्या महारवाड्यातल्या माणसाला पाणवठा बंदच होता. हा हिशोब दादांनी पुढं आयुष्यभर गाण्यातून मागितला. टाटा-बिर्लांची नावं घेऊन, आमच्या घामाचा वाटा कुठाय असं भर चौकात विचारणारा हा माणूस. पण विचारताना चेहरा कसा? हसरा. खंजिरी हातात, आणि समोरची म्हातारी, पोर, हमाल, मोलकरीण, सगळी आपल्याच घरातली असल्यासारखी.

शाळा नाही. मुंबईत आले ते पोटासाठी. मिळेल ते काम केलं. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहात असताना कुणीतरी पत्र घेऊन आलं, जरा वाचून दाखव म्हणालं. दादांना वाचता येत नव्हतं. ते पत्र त्यांच्या काळजात सुरीसारखं गेलं. मग एका मास्तरांकडून अक्षरं गिरवली, आणि जोडाक्षरं कुठं शिकले म्हणाल तर दुकानांच्या पाट्यांवर. ज्या समाजाला हजारो वर्षं अक्षराची सावली पडू दिली नाही, त्या समाजातल्या माणसानं शहराच्या पाट्याच पुस्तक म्हणून वाचून काढल्या. आणि मग हजारो गाणी लिहिली. हजारो! एकट्या माणसानं.

आता आपल्या पापाकडं येऊ.

१९७२ साली ‘गोलपिठा’ आला. मराठी कवितेची झोप उडाली. उडायलाच हवी होती. त्याच साली पँथर उभी राहिली. १९७३ साली वामनदादांचा ‘वाटचाल’ आला. तोवर हा माणूस तीसेक वर्षं लिहीत होता, गात होता. सदाशिवपेठी समीक्षकानं त्याच्याकडं ढुंकून बघितलं नाही, हे समजू शकतो. त्याच्या लेखी वस्तीतलं गाणं म्हणजे गोंगाट. पण आपल्या अनियतकालिकांनी तरी किती पानं दिली? आपल्याला मुक्तछंद पाहिजे होता. शिवी पाहिजे होती. स्फोट पाहिजे होता. यमक जुळवणारा, चालीवर लिहिणारा, सिनेमाच्या गाण्याची चाल उचलून तिच्यात बाबासाहेब भरणारा माणूस आपल्याला ‘प्रचारकी’ वाटला. आपण त्याच्या पाया पडलो, त्याला चहा पाजला आणि साहित्याच्या चर्चेत त्याला बाहेर ओट्यावर बसवला. हा कुठला न्याय? ओट्यावर बसवणं आपण कुणाकडनं शिकलो?

शिवी महत्त्वाची आहेच. राग नसेल तर माणूस मेलेला. पण रागाला घर लागतं. ५६च्या डिसेंबरात बाप गेल्यावर समाज पोरका झाला. ५७ला रिपब्लिकन पक्ष झाला आणि लगेच फुटायला लागला. गट झाले, गटांचे उपगट झाले. एका चाळीत दोन गट, दोन बोर्ड, दोन जयंत्या. या फाटाफुटीत समाजाला एकत्र शिवून ठेवणारा दोरा कोणता होता? गाणं होतं. दोन्ही जयंत्यांत गाणी वामनदादांचीच. नेते एकमेकांच्या तोंडाकडं बघत नव्हते, पण त्यांच्या मंचावरची पेटी एकाच सुरात वाजत होती. १९७८ला नामांतराच्या ठरावावरून मराठवाड्यात घरं जळली. १९९४पर्यंत, सोळा वर्षं, माणसं तुरुंगात गेली, मोर्चात चालली. ती चालताना भाषणं म्हणत नव्हती, दोस्तांनो. गाणी म्हणत होती.

दादा वस्तीत येऊन राहायचे. सरकारी विश्रामगृहात नाही, कार्यकर्त्याच्या खोलीत. मिळेल ती भाकर खायची, पोरासोरांत बसायचं, कुणी नवखा गायक आला तर त्याला आपलं गाणं देऊन टाकायचं. पोटची पोर हातातून गेलेली. पण म्हणून समाजापुढं दुःखाचं दुकान मांडलं नाही. गावोगावच्या गायकांना, शाहिरांना त्यांनी आपली पोरं मानलं. १९५९च्या ‘सांगत्ये ऐका’सारख्या गाजलेल्या सिनेमात गाणं असलेला हा माणूस. मनात आणलं असतं तर तिकडं बस्तान बसवलं असतं. तो वस्तीत परतला.

आणि इथंच माझा मुद्दा आहे. दादा चांगले होते, म्हणून आपण त्यांना लुटलं. चांगल्या माणसाचं आपल्याकडं असंच होतं. तो मागत नाही, मग आपण देत नाही. गाणं घेतलं, बिदागी बुडवली. चाल घेतली, नाव बुडवलं. वर म्हणायचं, “दादा काय, देवमाणूस!” माणसाला देव केलं की त्याचा पगार द्यावा लागत नाही, ही या देशातली फार जुनी युक्ती आहे. ती आपण आपल्याच माणसावर वापरली.

दादांना हे कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. म्हणून तर गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते स्वतःचं नाव घालायचे : वामन. ती हौस नव्हती. ती सही होती. अंगठ्यापासून सहीपर्यंत आलेल्या माणसाची सही. आणि आजचा गायक काय करतो? वेळ कमी म्हणून शेवटचं कडवं गाळतो. डीजेवाला तर पहिल्या दोन ओळींचाच ठोका करतो. सही कापली की खाली लिहायला मोकळे : पारंपरिक.

परंपरेनं आपल्याला काय दिलं ते आपल्याला माहीत आहे. चामडं कमावलं आपण, नाव कुणाचं नाही. वाडे बांधले आपण, पाटी धन्याची. जात्यावर ओवी रचली आपल्या आजीनं, पुस्तकात ‘लोकसाहित्य’. हजारो वर्षं आपलं काम घेऊन आपलं नाव पुसलं, त्यालाच तर ते परंपरा म्हणतात. आणि त्याच परंपरेच्या खात्यात आपण वामनदादांना जमा करायचं?

१५ मे २००४ला दादा गेले. २०२२ला शंभरी झाली. हार झाले, बॅनर झाले, बॅनरवर दादांपेक्षा नगरसेवकाचा फोटो मोठा झाला. पुरे झालं आता.

पुढच्या जयंतीला चार कामं करा. गाणं सुरू व्हायच्या आधी माईकवर कवीचं नाव घ्या. शेवटचं कडवं गाळू नका. गायकानं गाळलं तर खालून ओरडा. गायकाची, ढोलकीवाल्याची बिदागी कार्यक्रमाच्या आधी हातात ठेवा. आणि तुमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या गायकांच्या ट्रंकेत वह्या पडल्यात, वाळवी लागायच्या आत त्या उतरवून काढा. त्यात एकटे वामनदादा नाहीत. आणखी कितीतरी सह्या तिथं दबून पडल्यात.

मी त्या पोराला एवढंच सांगितलं. त्यानं ऐकलं, ट्रककडं गेला, डीजेवाल्याशी काहीतरी हुज्जत घातली. मग गाणं थांबलं. माईकवर त्या पोराचा घोगरा आवाज आला :

“गीतकार, वामनदादा कर्डक!”

आणि गाणं पहिल्यापासून सुरू झालं.

जयभीम.