अस्थी नसलेल्या डोंगरांची साक्ष

सन २०२५ हे वर्ष सातारा जिल्ह्याच्या दृष्टीने दुहेरी मानाचे ठरले. जुलै महिन्यात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि त्यांत प्रतापगड होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी, सप्टेंबरात, भारताने जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत सात नैसर्गिक स्थळांची भर घातली. त्यांत पाचगणी व महाबळेश्वर येथील डेक्कन ट्रॅपचा समावेश झाला. पहिल्या बातमीने साहजिकच सर्वांचा ऊर भरून आला. दुसरी बातमी मात्र पुष्कळांनी वाचली आणि पान उलटले. गड ज्या दगडावर उभा आहे त्या दगडालाही काही इतिहास असू शकतो, ही कल्पनाच आपल्या अंगवळणी पडलेली नाही.

हा इतिहास साधा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर या महाकाय सरपटणाऱ्या प्राण्यांचे युग संपले त्या सुमारास, दख्खनच्या भूमीला भेगा पडून तप्त शिलारस बाहेर आला. एकावर एक असे त्याचे थर साचत गेले. आज पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास प्रदेश या काळ्या पाषाणाखाली आहे. ‘ट्रॅप’ हा शब्दच मुळी पायऱ्या या अर्थाच्या एका स्वीडिश शब्दावरून आला. आंबेनळी घाटाने पोलादपूरहून महाबळेश्वरास चढताना समोरच्या कड्यांकडे पाहावे, म्हणजे हे नाव किती यथार्थ आहे ते पटते. या थरांतील वरच्या भागाला जगभरचे भूशास्त्रज्ञ ‘वाई उपगट’ म्हणतात. त्यातील थरसमूहांना पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा अशी नावे आहेत. आपल्या गावांची ही नावे परदेशांतील विद्यापीठांत रोज उच्चारली जातात, आणि वाईच्या विद्यार्थ्याला त्याचा पत्ता नसतो!

जीवाश्म कोठे आहेत?

येथे कोणीही विचारील की, मग आमच्या डोंगरांत त्या प्राण्यांची हाडे का सापडत नाहीत? हा प्रश्न रास्त आहे. हाडांचे अश्म व्हावयाचे तर ती गाळात पुरली जावी लागतात. शिलारसात ती जळून जातात. डायनोसॉरांचे आपल्याकडील अवशेष सापडतात ते मुख्यतः या लाव्हाच्या तळाशी असलेल्या, नदी-तळ्यांच्या गाळाने बनलेल्या थरांत. जबलपूरनजीकच्या लमेटा घाटावरून त्यांना लमेटा थर म्हणतात. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपणांस माहीत असलेला कॅप्टन स्लीमन याला १८२८ साली जबलपुरातच अशी हाडे मिळाली. आशिया खंडातील डायनोसॉरांचा हा अगदी आरंभीचा शोध होय. त्या अवशेषांतील एका प्राण्याला लायडेकर या शास्त्रज्ञाने १८७७ साली ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले.

महाराष्ट्रात हे थर चंद्रपूर जिल्ह्यात उघडे पडले आहेत. वरोऱ्याजवळील पिसदुरा हे लहानसे गाव भूशास्त्रात एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी तेथील जीवाश्म गोळा केले. याच परिसरातील डोंगरगाव येथे एका प्रचंड शाकाहारी प्राण्याचा सांगाडा मिळाला. १९९७ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि पुढे २००३ साली, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून, त्याला ‘आयसीसॉरस’ हे नाव मिळाले. पिसदुऱ्याची विष्ठाश्मे तर त्याहून उद्बोधक ठरली. दगड बनलेल्या त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष असल्याचे २००५ साली सिद्ध झाले आणि डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हतेच, हा रूढ समज ढासळला. जी वस्तू पाहून आपण नाक मुरडू, तिने पाठ्यपुस्तके बदलावयास लावली.

सातारा जिल्ह्यात हे थर का नाहीत, याचे उत्तरही येथल्याच जमिनीने दिले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने या भागाचे काळीज हादरले. त्या भूकंपांचे मूळ शोधण्यासाठी पुढे कोयना परिसरात खोल विंधनविवरे घेण्यात आली आणि कराडजवळ त्यासाठी संशोधनकेंद्र उभे राहिले. रासाटी येथे सुमारे ९३० मीटर लाव्हा भेदून खाली गेल्यावर थेट ग्रॅनाइटचा अतिप्राचीन पाया लागला. मध्ये गाळाचा थर मिळाला नाही. जेथे गाळच नाही तेथे हाडे कोठून असणार? रस्त्याच्या कापणीत कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले वाटोळे धोंडे दिसतात, त्यांना कोणी अंडी समजू नये. ती नुसती झिजेची किमया आहे.

मग साक्ष कशाची?

एवढ्यावरून आपले डोंगर मुके आहेत असे समजणे चूक होईल. विदर्भातील थर डायनोसॉर कसे जगले ते सांगतात. सह्याद्रीचे थर ते कोणत्या काळात नाहीसे झाले ते सांगतात. १९८० साली आल्व्हारेझ पितापुत्र व त्यांचे सहकारी यांनी मांडले की, एका प्रचंड अशनीच्या आघाताने हा संहार घडला. मेक्सिकोतील आघातविवर सापडल्यावर या मताला बळ आले आणि आज बहुसंख्य शास्त्रज्ञांचा कल तिकडेच आहे. परंतु दख्खनच्या उद्रेकांतून बाहेर पडलेल्या वायूंचा यात वाटा किती, हा वाद मिटलेला नाही. २०१९ साली दोन गटांनी सह्याद्रीतील थरांचे वय अतिशय काटेकोरपणे मोजले. एकाच्या मते पोलादपूर थराचा मोठा उद्रेक संहाराच्या काही दशसहस्र वर्षे आधी झाला. दुसऱ्याच्या मते लाव्हाचा बहुतेक भाग संहारानंतरचा आहे. निष्कर्ष वेगळे, पण दोघांनाही कौल मागावा लागला तो याच घाटांतील दगडांकडे. दोन थरांमध्ये दिसणारा जो तांबडा पट्टा आपण गेरू म्हणून सोडून देतो, त्यातील बारीक स्फटिकही या मोजणीत साक्षीला आले.

यावर असा आक्षेप येईल की, ज्या मुलखात माणदेश, जत, आटपाडी यांची तहान भागत नाही, तेथे साडेसहा कोटी वर्षांच्या गोष्टी करणे ही पोटभरल्यांची चैन आहे. हा आक्षेप मनापासून केलेला असतो, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. विहिरीला पाणी लागणार की नाही, हे याच थरांवर ठरते. घट्ट काळ्या कातळात पाणी जवळजवळ नसते; ते असते मुरमात, भेगांत आणि मांजऱ्या दगडात. विहीर खोदणारा वडारी हे अनुभवाने जाणतो. मुलाने घाटातील थर वाचावयास शिकणे म्हणजे आपल्या शेताखालचे थर वाचावयास शिकणे होय. भूतकाळाचे ज्ञान आणि पोटापाण्याचे ज्ञान या दोन गोष्टी येथे वेगळ्या राहत नाहीत.

खरी चिंता आहे ती वेगळीच. यादीत नाव गेले की पाट्या लागतात, वाहनतळ होतात, उपाहारगृहे वाढतात. दगड मात्र पूर्वीइतकाच अनोळखी राहतो. रस्तारुंदीकरणात कोणती कापणी राखावयाची आणि कोणती फोडावयाची, याचा विचार करताना भूशास्त्रज्ञाला विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. भूवारशाच्या संरक्षणासाठी केंद्राने कायद्याचा मसुदा २०२२ साली प्रसिद्ध केला. पण मसुद्याने सुरुंग थांबत नाहीत. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोली येथे २०१९ साली डायनोसॉरांचे संग्रहालय झाले. आपल्याकडे हाडे नसतील, पण त्यांच्या अंतकाळाची कड्यावर लिहिलेली पोथी आहे. तिच्यासाठी फार पैसा नको. घाटातील निवडक कापण्या राखून ठेवाव्यात, तेथे मराठीत चार ओळींची माहिती असावी, आणि कराड किंवा वाई येथे दगडांचे एक साधे दालन असावे.

तोवर शिक्षकांनी थांबण्याचे कारण नाही. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात पाडल्या गावचे लोक काही गोल दगडांची काकड भैरव म्हणून पूजा करीत असत. ती डायनोसॉरांची अंडी असल्याचे तज्ज्ञांनी ओळखले. त्या गावकऱ्यांना हसण्याचे कारण नाही. दगड काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, तरी त्यांनी तो जपला. आपण मात्र ठाऊक असूनही फोडावयास निघालो, तर अडाणी कोणाला म्हणावयाचे? पुढची सहल महाबळेश्वरास जाईल तेव्हा एखाद्या सुरक्षित वळणावर गाडी थांबवून मुलांना एवढेच सांगावे की, या पायऱ्या मोजा. पृथ्वीवरचे एक युग यांतच कोठेतरी मावळले आहे.