विश्लेषण : प्रोस्टेटच्या रेडिएशनआधी मूत्रमार्ग नेमका शोधणे का गरजेचे?

प्रोस्टेटच्या कर्करोगावर पूर्वी सात-आठ आठवडे चालणारे रेडिएशन आता काही रुग्णांमध्ये अवघ्या ५ बैठकांत पूर्ण होते. मात्र बैठका कमी झाल्या की प्रत्येक बैठकीतला डोस वाढतो आणि चुकीला वाव उरत नाही. म्हणूनच मूत्रमार्ग नेमका कुठे आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

अडचण नेमकी काय?
मूत्राशयातून निघालेला मूत्रमार्ग थेट प्रोस्टेटच्या आतून जातो. मूत्राशय आणि गुदाशय प्रोस्टेटच्या शेजारी असल्याने त्यांना किरणांपासून बरेचसे वाचवता येते. मूत्रमार्ग मात्र लक्ष्याच्या आतच असतो. त्याला जास्त डोस बसल्यास लघवीला जळजळ, वारंवार लघवी आणि काहींमध्ये कालांतराने मार्ग आकसणे असे त्रास होतात. पारंपरिक पद्धतीत दर बैठकीला साधारण २ ग्रे डोस असतो, तर ५ बैठकांच्या पद्धतीत तो ७ ते ८ ग्रेपर्यंत जातो.

सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही?
उपचारांचा आराखडा सीटी स्कॅनवर आखला जातो. पण सीटीमध्ये मूत्रमार्ग आणि भोवतालची ग्रंथी जवळपास सारख्याच करड्या दिसतात. 'ग्रंथीच्या मधोमध असेल' असे धरून चालणेही धोक्याचे, कारण हा मार्ग सरळ नसून मध्येच वळतो. प्रोस्टेटची शस्त्रक्रिया आधी झालेली असल्यास त्याचा आकारही बदललेला असतो.

मग पर्याय कोणते?
जुना उपाय म्हणजे स्कॅनच्या वेळी लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर घालणे. नळी स्पष्ट दिसते, पण ती मूत्रमार्गाला थोडे सरळ करते. उपचाराच्या दिवशी नळी नसेल तर जागा बदललेली असू शकते. शिवाय त्रास आणि संसर्गाचा धोका असतोच. एमआरआयमध्ये मूत्रमार्ग बऱ्याचदा नळीविना दिसतो. ही प्रतिमा सीटीवर जुळवली जाते. दोन्ही वेळी मूत्राशय आणि गुदाशय सारखेच भरलेले नसतील तर जुळवणी चुकते, म्हणून दोन्ही स्कॅन शक्यतो लागोपाठ करावेत. पेसमेकरमुळे एमआरआय शक्य नसेल, तर कॅथेटरचा पर्याय उरतो.

डोस शून्यावर का आणत नाहीत?
कर्करोग मूत्रमार्गालगतही असू शकतो. तिथला डोस फार कमी केल्यास आजार उलटण्याची भीती असते. त्यामुळे उद्दिष्ट मूत्रमार्ग पूर्ण वगळण्याचे नसते. त्यावर ठरल्यापेक्षा जास्त डोस साचू नये, एवढेच पाहायचे असते.

संशोधन काय सांगते?
ब्रिटनच्या नेतृत्वाखालील 'पेस-बी' चाचणीत ५ बैठकांचा उपचार दीर्घ उपचारापेक्षा कमी प्रभावी नसल्याचे दिसले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील 'मिराज' चाचणीत एमआरआयच्या मार्गदर्शनामुळे लक्ष्याभोवतीची राखीव जागा ४ मिलिमीटरवरून २ मिलिमीटरवर आणता आली. लघवीचे मध्यम ते तीव्र तात्कालिक त्रास ४३.४ टक्क्यांवरून २४.४ टक्क्यांवर आले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या 'प्राइम' चाचणीत जास्त जोखमीच्या रुग्णांसाठी ५ आणि २५ बैठकांची तुलना केली जात आहे.

रुग्णांनी काय विचारावे?
कमी बैठका म्हणजे गावाहून येणाऱ्या कुटुंबाचा प्रवास, मुक्काम आणि बुडणारी मजुरी वाचते. पण वेग वाढवायचा तर आखणीतील कसर परवडणार नाही. एमआरआयचा खर्च उपचाराच्या पॅकेजमध्येच धरला जायला हवा. रुग्णांनीही उपचार सुरू होण्याआधी थेट विचारावे : आराखड्यात मूत्रमार्ग वेगळा आखला आहे का, आणि तो कशाच्या आधारे?