झोप, गोळी आणि चार वाजताचा गजर

आमच्या सासूबाई बसल्या जागी झोपत. भाजी निवडता निवडता पालकाची जुडी हातातच राही आणि मान खाली जाई. दूरदर्शनवरची मालिका सुरू होण्यापूर्वीच त्या घोरू लागत. एकदा तर घरच्या सत्यनारायणाला तिसऱ्या अध्यायातच त्यांचा डोळा लागला आणि भटजींनी आवाज चढवला. मला तेव्हा पहाटे चारला उठावे लागे. यांचा डबा भरायचा, मुंबईची गाडी चुकू द्यायची नाही, मग मुलाचे आणि स्वतःचे आवरून सरावलीहून डहाणू रोड स्टेशन आणि तिथून बोईसर गाठायचे. संध्याकाळी थकून परत यावे तर सासूबाई पडवीत झोपलेल्या. मनात काय काय येई ते इथे लिहायला लाज वाटते. ते मनातच राहिले असते तर बरे. एकदा तोंडातून निघून गेले, "दिवसभर झोपूनसुद्धा तुम्हांला आणखी झोप येते तरी कशी हो, आई?" त्या काही बोलल्या नाहीत. पदर सावरून उठल्या आणि कुकर लावायला गेल्या.

ही १९९६ सालची गोष्ट. त्यांचा आवाज घोगरा झाला होता, तोंड सुजल्यासारखे दिसे, पायाची कातडी वाळक्या सालीसारखी झाली होती. डहाणूच्या मे महिन्यात, जेव्हा आम्ही सारे पंख्याखालची जागा मिळावी म्हणून भांडत असू, तेव्हा त्यांना अंगावर चादर लागे. एवढे सगळे डोळ्यांसमोर होते, पण आम्ही त्याला 'वय झाले' असे नाव देऊन मोकळे झालो होतो. गंमत अशी, की त्यांची स्वतःची तक्रार उलटीच होती: "मला रात्री झोप लागत नाही." आम्ही हसत असू, कारण त्यांच्या घोरण्याने कौले हलत. एका डॉक्टरांनी ती तक्रार ऐकून झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र चेहरा पाहिला, नडगीवर बोट दाबून पाहिले आणि रक्त तपासणीला मुंबईला पाठवले. टीएसएचचा आकडा चारच्या आसपास संपायला हवा, तो शंभराच्या वर होता.

मग उलगडा झाला. गळ्यातली ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी मंदावली, की सारे शरीरच मंद आचेवर शिजू लागते. दिवसा पेंग येते ती त्यामुळे. पण रात्रीही विश्रांती नसते. जीभ जाड होते, घशाच्या आतला भाग सुजतो आणि झोपेत श्वासाची वाट अडते. घोरता घोरता श्वास क्षणभर थांबतो, मेंदू दचकून जागा होतो, श्वास सुरू होतो, पुन्हा थांबतो. माणसाला हे आठवतही नाही. सकाळी एवढेच कळते, की झोप झाली नाही. म्हणजे कौले हलवणाऱ्या सासूबाई खरेच बोलत होत्या. अशा माणसाला तपासणी न करता झोपेच्या गोळ्या देणे किती धोक्याचे असते, ते मला पुढे कळले. आधीच मंदावलेला श्वास त्या गोळ्या आणखी मंद करू शकतात.

थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली. तीन महिन्यांनी एका दुपारी त्यांनी स्वयंपाकघरातून विचारले, "कढीत मीठ कोणी घातलं एवढं?" मीठ मीच घातले होते. त्या पुन्हा घरात आल्या होत्या. माझे ते वाक्य त्यांनी मला कधीही परत ऐकवले नाही. ऐकवले असते तर मला बरे वाटले असते.

वाचक म्हणतील, एका घरची गोष्ट आहे. तशी ती नाही. देशातल्या आठ शहरांत, त्यांत मुंबई आणि गोवाही होते, पाच हजारांवर प्रौढांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. शंभरांत सुमारे अकराजणांची ग्रंथी मंद निघाली आणि त्यांतल्या कित्येकांना त्याचा पत्ता नव्हता. बायका अर्थातच जास्त. आमच्या किनाऱ्यावर एक समज पक्का आहे: समुद्राकाठी राहतो, मासळी खातो, मिठागरे शेजारी, आम्हांला कुठला थायरॉइड? पण साध्या समुद्री मिठात आयोडीन नाममात्र असते. शिवाय मिठात आयोडीन घातले जाऊ लागल्यापासून आपल्याकडे या दुखण्याचे मोठे कारण आयोडीनची उणीव राहिलेले नाही. शरीर आपल्याच ग्रंथीवर उलटते, हे आहे. त्याला मासळीचा उपाय नाही. चिकूच्या वाडीवर मजुरीला येणारी बाई दुपारी पेंगली तर तिला आळशी म्हणतात, नाहीतर रात्री प्यायली असेल म्हणतात. तिचे रक्त तपासायला पाठवण्याचे कोणाच्या मनात येते? माझ्या घरात, पांढरपेशा घरात, दोन वर्षे आले नव्हते.

२००९ साली पाळी माझी आली. गोळीला मी घाबरले नाही. सासूबाईंमुळे ओळखीची होती. अडचण निराळीच निघाली. गोळी उपाशीपोटी घ्यायची, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा नाही. ज्या बाईला चारला उठून पाचच्या आत डबा भरायचा आहे, तिला चहाशिवाय पहिला तास काढा म्हणणे म्हणजे काय, हे पुस्तके लिहिणाऱ्यांना ठाऊक नसावे. मी गजर सव्वातीनचा लावू लागले. गोळी घ्यायची, पुन्हा आडवे व्हायचे आणि छताकडे बघत चार वाजण्याची वाट पाहायची. शेजारणींना सांगू लागले, "या गोळीने झोप उडते बाई." वर्षभर हेच सांगत होते. झोप गोळीने नव्हती उडवली, गजराने उडवली होती. थायरॉक्सिन इतके संथ औषध आहे, की पोटात गेलेला डोस निम्मा व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. तासाभरात डोळे टक्क उघडावेत असे त्यात काही नाही. पण आमच्या महिला मंडळातल्या अर्ध्या बायका माझ्यासारख्याच अंधारात उठून गोळी घेत होत्या आणि दुपारच्या डोकेदुखीचा दोष थायरॉइडवर टाकत होत्या.

मात्र गोळी अगदीच निर्दोष आहे असेही मी म्हणणार नाही. नोव्हेंबर २०१८ पासून आमच्या डहाणू-तलासरीची जमीन हलू लागली. धुंदलवाडीकडे धक्क्यांमागून धक्के बसत होते, लोक अंगणात, तंबूंत झोपत होते. सरावलीतही भांडी वाजत. त्या हिवाळ्यात मला झोप म्हणून येईना. आडवी झाले की छातीत धडधड, हाताला बारीक कंप, थंडीतही घाम. मी यांना उठवायची, "हललं ना आता?" हे म्हणायचे, "नाही गं, काही नाही हललं." भीतीच आहे असे समजून मी तीन महिने काढले. सारा तालुकाच जागा असताना आपल्या एकटीच्या जागरणाचा संशय कोण घेणार? शेवटी रक्त तपासले. टीएसएच जवळजवळ शून्यावर. गुडघ्यांसाठी रोज चालून मी वर्षभरात नऊ किलो उतरवले होते, आणि गोळी मात्र जुन्या वजनाचीच, १२५ मायक्रोग्रॅमची चालू होती. तपासणी करून घेण्याचे मीच टाळले होते. डोस १०० वर आणला. दीड-दोन महिन्यांत, हळूहळू, झोप परत आली. जमीन त्यानंतरही हलत राहिली.

म्हणून कोणी 'गोळीमुळे झोप लागत नाही' म्हणाले तर आता मी आधी विचारते, शेवटची तपासणी कधी केली? कमी डोसाने माणूस पेंगतो, जास्तीच्या डोसाने टक्क जागा राहतो. जास्तीचा डोस बरीच वर्षे चालला तर हाडे झिजतात, हृदयाची लय बिघडते. मनाने गोळी बंद करणे, मनाने दीड करणे, बारीक व्हायचे म्हणून मैत्रिणीची घेणे (हेही मी पाहिले आहे), हे सारे याच ग्रंथीशी मांडलेले वैर आहे. आणि आकडा जागेवर असूनही दिवसा पेंग व रात्री घोरणे राहिले, तर ते दुखणे वेगळे समजून त्याची तपासणी करावी. सासूबाईंचे घोरणे कमी झाले, पण थांबले नाही.

हॉलंडमध्ये नव्वद रुग्णांना आळीपाळीने सकाळी आणि रात्री झोपताना गोळी देऊन पाहिले होते. २०१० साली ते प्रसिद्ध झाले. रात्री घेतलेली गोळी अंगी जरा जास्तच लागली. थकवा किंवा उत्साह यांत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही, हेही सांगायला हवे. माझ्या डॉक्टरांनी ते मला समजावून सांगितले आणि म्हणाले, "बघा बदलून. पण जेवणानंतर तीन तास गेले पाहिजेत." आता आली का पंचाईत! आमचा मुलगा साडेनऊच्या पुढे स्टेशनावर उतरतो, तो आल्यावर सगळ्यांनी पाने घ्यायची ही घरची रीत. शिवाय माझी कॅल्शियमची गोळी रात्रीच्या जेवणानंतरची, आणि ती थायरॉक्सिनपासून चार तास तरी लांब हवी.

रीत मोडली. आम्ही दोघे साडेसातला जेवतो. मुलाचे ताट झाकलेले असते, तो वाढून घेतो. पहिले काही दिवस त्याचे तोंड उतरले होते, मग तो स्वतःच आमटी गरम करायला शिकला. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर गेले. थायरॉक्सिन साडेदहाला. डबा सकाळी हे भरतात. निवृत्त झाल्यापासून त्यांना तेवढे जमते, पोळ्या मात्र शेजारच्या बाईंकडून येतात. तीन महिन्यांनी रक्त तपासले, आकडा जागेवर आहे. गजर आता माझ्या उशाशी नाही. चारला जाग अजून येते, स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होतो आणि मी कूस बदलते.